तीनशें सहासष्टावा दिवस

चालतें गाणें मध्येंच थांबणें ही गोष्ट गाणाऱ्या यंत्रांइतकीच जुनी आहे. ग्रामोफोनची चावी उतरली म्हणजे गवयाचा सूर घसरत घसरत खालीं येई, आणि घरांतील एखादा मुलगा धांवत जाऊन दांडा फिरवी. सुई बोथट झाली तर आवाज खरखरूं लागे. तबकडीवर चरा पडला तर सुई त्याच चऱ्यांत घोटाळत राही आणि एकच शब्द पुनः पुनः ऐकूं येई. मग कोणीतरी उठून बोटानें तिला हळूच पुढें ढकलावयाचें. ह्या सर्व बिघाडांत एक मोठी सोय होती. कारण डोळ्यांना दिसे, आणि उपाय हाताला सांपडे.

पुढें गाणें दिवाणखान्यांतून उठून माणसाच्या खिशांत आलें. जपानच्या सोनी कंपनीनें आपला ‘वॉकमन’ १ जुलै १९७९ रोजीं बाजारांत आणला. आमच्या पिढीचें तारुण्य त्याच सुमारास उगवत होतें. म्हणून कॅसेटची फीत चाकांत गुरफटली तर ती कशी सोडवावी, पेन्सिल भोंकांत घालून ती कशी गुंडाळावी, स्पिरिटांत बुडविलेल्या कापसानें आंतला ‘हेड’ कसा पुसावा, हें ज्ञान आम्हांस कोणीं शिकविल्याचें स्मरत नाहीं. तें हवेंतूनच आलें असावें. कित्येक घरांत नाटकांच्या आणि भावगीतांच्या कॅसेटी अशा शुश्रूषेवर वीस वीस वर्षें जगल्या. येथेंहि बिघाड दिसत होता. फीत तुटली आहे हें समजण्यास विद्वत्ता लागत नसे.

गाण्याचे आंकडे करून ते साठविण्याची युक्ति निघाली आणि ही सोय गेली. १९९८ सालीं दक्षिण कोरियांत ‘एमपीमॅन’ व त्याच वर्षीं अमेरिकेंत ‘रिओ’ अशीं लहान यंत्रें निघालीं. त्यांत फिरणारें असें कांहींच नव्हतें. २३ ऑक्टोबर २००१ रोजीं ॲपल कंपनीनें ‘आयपॉड’ दाखविला. त्यांत पांच गिगाबाइटांची चिमुकली हार्ड डिस्क होती, आणि हजार गाणीं खिशांत मावतात अशी त्याची जाहिरात होती. दिसावयास यंत्र, पण खरें पाहतां तो एक लहानसा संगणकच. त्यामुळें संगणकाचे सर्व गुण त्याच्या अंगीं आले, तसा त्याचा एक रोगहि आला. मराठींत त्यास अद्याप नांव नाहीं. लहानथोर सगळेच ‘हँग झालें’ म्हणतात. पडद्यावर चित्र असतें, दिवा असतो, परंतु बटण दाबावें तर कांहीं होत नाहीं. यंत्र बंदहि नसतें आणि चालूहि नसतें.

कांहीं वर्षांपूर्वी आमचा भाचा असेंच एक मुकें झालेलें यंत्र आमच्यापुढें ठेवून म्हणाला, “मामा, बघा ना, काहीच ऐकत नाही हे.” आम्हीं जुन्या संवयीनें तें कानाशीं नेऊन हलवून पाहिलें. भाचा हंसला. त्यानें दोन बटणें एकदम दाबून कांहीं सेकंद धरून ठेवलीं, पडदा काळा झाला, आणि थोड्याच वेळांत यंत्र पूर्ववत् बोलूं लागलें. “मग झालं होतं तरी काय ह्याला?” असें आम्हीं विचारतांच त्यानें खांदे उडविले. त्याला बरें करतां येत होतें. रोग माहीत नव्हता, आणि माहीत असण्याची गरजहि वाटत नव्हती.

ह्या दोन बटणांच्या उपायास पुष्कळ आधार आहे, हें कबूल केलें पाहिजे. प्रत्येक कंपनीची जोडी निराळी. आयपॉडच्या पहिल्या पिढ्यांत ‘मेनू’ व ‘प्ले’ हीं दोन बटणें धरावीं लागत. चौथ्या पिढीपासून ‘मेनू’ व मधलें बटण धरावें लागूं लागलें. त्याहि आधीं ‘होल्ड’चा खटका चुकून सरकलेला नाहीं ना हें पाहावें, बॅटरी उतरली नाहीं ना हें पाहावें, असा क्रम असे, आणि निम्म्या तक्रारी तेथेंच मिटत. बटणें धरून ठेवल्यानें होतें तें इतकेंच कीं, यंत्र ज्या कामांत गुंतलें आहे तें काम टाकून देऊन पहिल्यापासून आरंभ करतें. साठविलेलीं गाणीं जात नाहींत. तात्पुरती स्मृति मात्र पुसली जाते. बहुतेक वेळां गुंता हा त्या घटकेच्या योगायोगानें झालेला असतो, म्हणून नव्यानें आरंभ केला कीं तो सुटतो. परंतु आरंभाच्या वाटेवरच खड्डा असेल तर? मग कितीहि वेळां उठविलें तरी यंत्र उठून त्याच खड्ड्यांत पडणार. असा एक प्रसंग इतिहासांत नोंदलेला आहे, आणि त्याचीच हकीकत आज वाचकांपुढें ठेवावयाची आहे.

मायक्रोसॉफ्ट कंपनीनें १४ नोव्हेंबर २००६ रोजीं अमेरिकेंत ‘झ्यून’ नांवाचें यंत्र विक्रीस काढलें. आयपॉडच्या राज्यांत उशिरानें उतरलेला हा प्रतिस्पर्धी. तीस गिगाबाइटांची डिस्क, तीन इंचांचा पडदा, रेडिओ, आणि बिनतारी मार्गानें शेजाऱ्याच्या झ्यूनला गाणें देण्याची सोय. हें दिलेलें गाणें मात्र तीन वेळां ऐकतां येई किंवा तीन दिवस टिके. ह्या उदारपणाची त्या वेळीं बरीच थट्टा झाली. काळा, पांढरा आणि तपकिरी असे तीन रंग होते, आणि तपकिरी रंगाची तर थट्टा आजतागायत चालू आहे. घडविलें होतें तोशिबा कंपनीनें, आपल्याच एका आधींच्या यंत्राच्या घडणीवर. आंतील कांहीं भाग फ्रीस्केल नांवाच्या चिपा बनविणाऱ्या कंपनीचे होते. म्हणजे नांव एकाचें, घडण दुसऱ्याची आणि काळजाचे ठोके मोजणारें अंग तिसऱ्याचें. ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. ती पुढें उपयोगीं पडणार आहे.

३१ डिसेंबर २००८, बुधवार. अमेरिकेंत मध्यरात्र उलटून गेली, आणि पहांटेच्या आंतच झ्यून बाळगणाऱ्यांच्या तक्रारी सुरू झाल्या. यंत्र आपण होऊन नव्यानें सुरू होतें, आरंभींचें चित्र दिसतें, कामाची प्रगति दाखविणारी पट्टी पूर्ण भरते, आणि तेथेंच सर्व थांबतें. बटणें दाबून कांहीं होत नाहीं. एकाचें झालें असतें तर तो म्हणाला असता, आपटलें असेल, डिस्क गेली असेल. परंतु हजारों यंत्रें, एकमेकांस न पाहिलेलीं, निरनिराळ्या गांवीं, निरनिराळ्या खिशांत, एकाच रात्रीं मुकीं झालीं. वर्षअखेरीची रात्र समोर होती. कित्येकांनीं मेजवानीचीं गाणीं त्यांतच भरून ठेवलीं असतील.

असा प्रसंग आला म्हणजे शोध कसा करावा, ह्याचा हा एक उत्तम धडा आहे, आणि आमच्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांसहि तो सांगण्यासारखा आहे. पहिला प्रश्न: सर्वांत समान काय? माणसें निराळीं, गाणीं निराळीं, वापर निराळा. समान होती ती तारीख. दुसरा प्रश्न, आणि हाच अधिक मोलाचा: कोण वांचलें? त्याच कंपनीचीं पुढील वर्षांत निघालेलीं ऐंशीं व एकशें वीस गिगाबाइटांचीं मोठीं यंत्रें आणि चार, आठ व सोळांचीं लहान यंत्रें सर्व सुखरूप होतीं. मेलीं तीं फक्त पहिल्या घडणीचीं, तीसचीं. म्हणजे दोष कंपनीच्या केंद्रांत नव्हता, गाण्यांत नव्हता, कोणा दुष्टानें सोडलेल्या विषाणूंतहि नव्हता. कारण तसें असतें तर भावंडांनाहि बाधा झाली असती. जुन्या यंत्रांत आहे आणि नव्यांत नाहीं, असें एखादें अंग असलें पाहिजे, आणि त्या अंगाचा तारखेशीं संबंध असला पाहिजे. तें अंग म्हणजे आंतलें घड्याळ.

कंपनीनें त्याच दिवशीं कबूल केलें कीं, घड्याळ वाचणाऱ्या प्रोग्राममध्यें लीप वर्षाच्या हिशेबांत चूक आहे. फ्रीस्केलच्या चिपेबरोबर येणारा तो लहानसा मजकूर कांहीं जाणत्यांनीं लगेच काढून वाचला आणि दोष बोट ठेवून दाखविला. आम्हीं तो पाहिला आहे. दहाबारा ओळींचा आहे. संगणकाची भाषा न जाणणाऱ्या वाचकासहि तो समजावा म्हणून आम्ही धान्याच्या खळ्यावर जातों.

घड्याळाच्या चिपेला वर्ष, महिना ठाऊक नसतो. १ जानेवारी १९८० पासून किती दिवस लोटले, एवढीच रास ती पुढें करते. ३१ डिसेंबर २००८ रोजीं ही रास १०,५९३ दिवसांची होती. आतां तिच्यापुढें एक मापारी बसला आहे. त्याच्याजवळ दोन मापें: लहान ३६५ चें, मोठें ३६६ चें. त्याला हुकूम असे. राशींत ३६५ पेक्षां अधिक उरलें असेल तोंवर मापत राहा. वर्ष साधें असेल तर लहान माप काढ आणि एक वर्ष पुढें जा. वर्ष लीप असेल तर आधीं पाहा, राशींत ३६६ पेक्षां अधिक आहे काय. असेल तर मोठें माप काढ आणि एक वर्ष पुढें जा. ३६५ किंवा त्याहून कमी उरलें कीं थांब. जें उरलें तो त्या वर्षाचा इतकावा दिवस.

मापारी बिचारा इमानी. त्यानें १९८० पासून २००७ पर्यंतचीं अठ्ठावीस वर्षें बिनचूक मापून बाजूला काढलीं. त्यांत १०,२२७ दिवस गेले. आतां वर्ष आलें २००८ आणि राशींत उरले ३६६. तीनशें पांसष्टांहून अधिक आहेत काय? आहेत, म्हणून थांबावयाचें नाहीं. वर्ष लीप आहे काय? आहे. मग ३६६ हून अधिक आहेत काय? नाहींत, बरोबर तितकेच आहेत. म्हणून मापावयाचेंहि नाहीं. तर मग पुन्हां पहिल्यापासून: तीनशें पांसष्टांहून अधिक आहेत काय? आहेत... तबकडीच्या चऱ्यांत सुई अडकावी तसा तो अडकला, आणि सेकंदांत लाखों वेळां तोच प्रश्न स्वतःस विचारूं लागला. बटणाकडे पाहावयास त्याला सवड कोठची?

आदल्या दिवशीं, ३० डिसेंबरास, राशींत उरले होते ३६५. मापारी तेव्हां सुखानें थांबला होता. दुसऱ्या दिवशीं, १ जानेवारीस, उरणार होते ३६७. ते ३६६ हून अधिक, म्हणून मोठें माप निघणार आणि मागें एक उरणार. चार वर्षांतल्या एकाच दिवसासाठीं त्याला हुकूम नव्हता. यंत्र विक्रीस निघालें २००६ च्या अखेरीस, त्यामुळें २००८ हें त्याच्या आयुष्यांतलें पहिलेंच लीप वर्ष. तोंवर ही चूक कोणास दिसणें शक्यच नव्हतें. आणखी एक मौज अशी कीं, लोक लीप वर्षाला भितात ते २९ फेब्रुवारीच्या दिवशीं. तो दिवस ह्या यंत्रांनीं निर्वेध ओलांडला होता. माणसानें वाढीव दिवस दुसऱ्या महिन्याच्या शेपटाला बांधला आहे. यंत्राच्या मापांत तो वर्षाच्या शेवटीं येऊन पडतो.

प्रोग्राम लिहिणाऱ्या अनामिक गृहस्थास हंसावयाचें वाचकांच्या मनांत आलें असेल तर त्यांनीं क्षणभर थांबावें. ह्याच लीप वर्षाच्या गणितांत, ह्याच प्रकारची एकानें चुकण्याची भूल, ज्यांनीं अर्ध्या जगास कायदा शिकविला त्या रोमन लोकांच्या हातून झालेली आहे, आणि ती एक दिवस नव्हे, छत्तीस वर्षें टिकली.

ज्युलियस सीझरच्या काळापर्यंत रोमन कालगणना पुजाऱ्यांच्या हातीं होती, आणि त्यांनीं ती इतकी बिघडविली होती कीं, ऋतु व महिने ह्यांची ताटातूट झाली होती. सीझरनें इ. स. पू. ४६ हें एकच वर्ष ४४५ दिवसांचें करून ती ताटातूट मिटविली, आणि इ. स. पू. ४५ च्या १ जानेवारीपासून नवी गणना सुरू केली. तिची आंखणी अलेक्झांड्रियाच्या सोसिजेनीझ नांवाच्या ज्योतिष्याच्या सल्ल्यानें झाली होती. नियम सोपा होता: वर्ष ३६५ दिवसांचें, आणि दर चौथ्या वर्षीं एक दिवस अधिक. पुढील वर्षाच्या मार्च महिन्यांत सीझरचा खून झाला. नियम करणारा गेला; नियमाचा मजकूर तेवढा मागें राहिला, आणि तो पुजाऱ्यांच्या हातीं पडला.

आतां ‘दर चौथ्या वर्षीं’ म्हणजे काय? रोमन लोकांची मोजण्याची रीति अशी कीं, ज्यापासून मोजावयाचें तोहि मोजणींत धरावयाचा. ह्या रीतीला परकी म्हणून नाक मुरडण्याचें आपणांस कारण नाहीं. सात दिवसांच्या काळास आपण ‘आठवडा’ म्हणतों आणि ‘आठ दिवसांनीं या’ असें सांगितलें तर पाहुणा त्याच वारीं येतो. दोन दिवस सोडून येणाऱ्या तापाला आपले वैद्य चातुर्थिक ज्वर म्हणतात. ह्याच न्यायानें रोमन पुजाऱ्यांनीं मागलें लीप वर्ष एक धरलें आणि चौथें आलें तें खरोखर तिसरेंच होतें. चार वर्षें पुरीं होऊन गेल्यावर घालावयाचा दिवस ते चौथें वर्ष लागतांच घालूं लागले. छत्तीस वर्षांत नऊ दिवस वाढावयाचे ते बारा वाढले. हें मॅक्रोबियस नांवाच्या लेखकानें नोंदून ठेवलें आहे.

मापाऱ्यानें ‘अधिक’ आणि ‘बरोबर तितकेच’ ह्यांतला भेद गमावला. पुजाऱ्यांनीं ‘चौथा लागतांच’ आणि ‘चौथा संपल्यावर’ ह्यांतला. दोन्ही ठिकाणीं नियम करणारा जवळ नव्हता, आणि दोन्ही ठिकाणीं पाळणारे अत्यंत इमानी होते. इमान कमी असतें तर पुजाऱ्यांपैकीं एखाद्यानें तरी आकाशाकडे पाहून शंका काढली असती असें आम्हांस वाटतें.

चूक उमगली तेव्हां ऑगस्टसचें राज्य होतें. इ. स. पू. ८ च्या सुमाराची ही गोष्ट. ऑगस्ट महिन्यास त्याचें नांव मिळालें तेंहि त्याच वर्षीं. तीन दिवस जास्त झाले होते. ते काढावयाचे कसे? पुढें सोळाव्या शतकांत पोप ग्रेगरीनें दहा दिवस एकदम कापून टाकले, १५८२ च्या ४ ऑक्टोबरानंतर दुसऱ्या दिवशीं १५ ऑक्टोबर आला. परंतु ऑगस्टसनें कात्री उचलली नाहीं. त्यानें हुकूम दिला कीं, बारा वर्षें लीप वर्ष धरूंच नये. म्हणजे काळालाच काम सांगितलें. त्या बारा वर्षांत जे तीन दिवस आले असते ते आले नाहींत, हिशेब आपोआप जुळला, आणि मग पुन्हां गणना मूळ नियमाप्रमाणें चालूं लागली.

झ्यूनच्या मालकांस मायक्रोसॉफ्टनें ३१ डिसेंबर २००८ रोजीं जो उपाय सांगितला तो वाचतांना आम्हांस ऑगस्टसची आठवण झाली ती ह्यामुळें. उपाय असा: कांहीं करूं नका. बॅटरी संपूं द्या. १ जानेवारीस ग्रिनिच वेळेप्रमाणें दुपारचे बारा वाजून जाऊं द्या. मग यंत्र चार्ज करा आणि सुरू करा. जे मासिक वर्गणी भरून गाणीं ऐकत त्यांनीं एकदां तें संगणकास जोडून आपला हक्क ताजा करून घ्यावा. बस्स. एवढी मोठी कंपनी, तिच्या पदरीं हजारों अभियंते, आणि तिची सूचना ही कीं दिवस मावळूं द्या!

ही सूचना निर्बुद्ध नव्हती; तिच्या प्रत्येक शब्दास कारण होतें. नुसता दिवस उलटून भागत नव्हतें. मापाऱ्यानें घड्याळाकडे एकदांच पाहिलें होतें. रास हातीं घेतल्यावर त्यानें पुन्हां मान वर केलीच नाहीं. बाहेर १ जानेवारी लागली, घड्याळ पुढें गेलें, तरी त्याच्या पुढ्यांत ते ३६६ च होते. त्याला उठवावयाचें तर आधीं पुरता निजविला पाहिजे. आणि बटणें तो ऐकत नसल्यामुळें निजविण्याचा मार्ग बॅटरी संपण्याचाच. दुपारीं बाराची मर्यादा कां, ह्याचें कारण कंपनीनें दिलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं. पण ग्रिनिचला बारा वाजतात तेव्हां अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे सात आणि हवाई बेटांवर मध्यरात्रीनंतरचे दोन झालेले असतात, हें पाहिलें म्हणजे तें उघड आहे. देशांत कोठेंहि जुनें वर्ष शिल्लक राहूं नये, एवढा त्यांत हेतु असावा. कांहीं उतावळ्यांनीं मात्र पेटी उघडून बॅटरीची तार काढून पाहिली. आम्हांस हे लोक मनापासून आवडतात, जरी त्यांची रीति अनुकरणीय म्हणवत नाहीं.

पंचांगाचा अभिमान बाळगणारे आमचे एक मित्र ही हकीकत ऐकून म्हणाले, “आमच्याकडे तिथीचा क्षय होतो, तिथीची वृद्धि होते, सबंध महिना अधिक येतो; पण कधीं कोणाचें तोंड बंद पडलें नाहीं!” बोलणें गंमतीचें खरें, पण त्यांत विचार आहे. पंचांग दरवर्षीं नवें करतात. यंदाचा अधिक मास कोणता हें यंदाच ठरतें, आणि तें करणारा माणूस छापण्यापूर्वीं त्यावरून एकदां तरी नजर फिरवितो. यंत्राचें पंचांग एकदांच, येणाऱ्या सर्व वर्षांसाठीं लिहावयाचें असतें, आणि लिहिल्यावर तें बंद पेटींत जातें. लिहिणाऱ्याची जबाबदारी म्हणून अधिक आहे. पण ती जबाबदारी कोणाची, हें विचारूं लागलें कीं पंचाईत होते. ज्यानें ओळी लिहिल्या तो चिपेच्या कंपनीचा. ज्यानें पेटी घडविली त्यास त्या ओळी आयत्या मिळालेल्या. ज्यानें आपलें नांव पेटीवर छापलें त्याचा समज कीं घड्याळ तें घड्याळ, त्यांत काय पाहावयाचें? वास्तविक पाहणें अवघड नव्हतें. यंत्राची तारीख पुढें सरकवून ३१ डिसेंबर २००८ करावयाची आणि तें सुरू होतें कीं नाहीं हें पाहावयाचें. अर्ध्या घटकेचें काम. तीन घरांपैकीं एकाहि घरीं तें झालें नाहीं.

शिवाय पूर्वसूचना मिळालेली होती. बारा वर्षांपूर्वीं, १९९६ च्या लीप वर्षाच्या अखेरीस, न्यूझीलंडच्या दक्षिण टोंकास टिवाई पॉइंट येथील ॲल्युमिनियमच्या कारखान्यांत भट्ट्या सांभाळणारे संगणक मध्यरात्रीच्या ठोक्यास एकदम बंद पडले. आणि दोन तासांनीं, म्हणजे तेथें मध्यरात्र झाली तेव्हां, टास्मानियांतील बेल बे येथील कारखान्यांतहि तेंच झालें. वर्षास तीनशें सहासष्टावा दिवस असूं शकतो हें त्या प्रोग्रामला माहीत नव्हतें. तेथें नुकसान दहा लाख डॉलरांवर गेलें. गाणें बंद पडणें आणि तापलेली भट्टी बंद पडणें ह्यांत महदंतर आहे. मूळ मात्र एक. परंतु एका धंद्यांतली ठेंच दुसऱ्या धंद्यांतल्या माणसास कळत नाहीं, आणि कळली तरी ती आपल्या पायाची वाटत नाहीं.

ज्यांनीं धीर धरला त्यांचीं यंत्रें १ जानेवारी २००९ रोजीं, गुरुवारीं, पुन्हां बोलूं लागलीं. गाणीं जशीच्या तशीं होतीं. एकहि हरवलें नव्हतें. वर्तमानपत्रांना मात्र वर्षारंभीं चांगला विषय मिळाला, आणि आधींच थट्टेचा विषय झालेल्या झ्यूनची होती नव्हती ती अब्रूहि गेली. कंपनीनें सप्टेंबर २००९ मध्यें नवें, स्पर्शानें चालणारें झ्यून काढलें, त्याचें जाणत्यांनीं कौतुकहि केलें. पण तोंवर लोकांच्या खिशांत फोन आले होते आणि निराळ्या गाण्याच्या पेटीची गरजच सरत चालली होती. ऑक्टोबर २०११ मध्यें तीं यंत्रें करणें बंद झालें. १५ नोव्हेंबर २०१५ रोजीं गाणीं पुरविणारी सेवाहि मिटली. ज्याच्याशीं स्पर्धा केली त्या आयपॉडचेंहि उत्पादन बंद होत असल्याचें १० मे २०२२ रोजीं जाहीर झालें.

तीस गिगाबाइटांचें तें तपकिरी यंत्र आज जुन्या वस्तु जमविणारे लोक विकत घेतात, डिस्क काढून तिच्या जागीं नवी स्मृति बसवितात, बॅटरी बदलतात. पेटी पुन्हां हातानें उघडूं लागली आहे. आमचा भाचा अलीकडे असलें एक यंत्र कोठूनसें मिळवून घेऊन आला होता. त्यानें तें सुरू केलें, आणि आम्हीं पाहिलेली पहिली गोष्ट म्हणजे पडद्यावरची तारीख. ती चुकलेली होती. “असू दे मामा,” तो म्हणाला, “गाणं लागतंय ना?” गाणें लागत होतें.